आपला आहार आणि नेत्ररक्षण

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त पोंभुर्णा येथे आयोजित नेत्रतपासणी शिबिरात दिलेले भाषण)



डोळ्यांच्या आरोग्यावर बोलण्यासाठी विश्वस्तांनी एका कापड व्यापाऱ्यास उभे केले, याचे आपणांस नवल वाटले असेल. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध एक रुग्ण म्हणून आणि थोडाफार वाचक म्हणून, एवढाच. तथापि कापडाचा व्यवसाय हा मुळात डोळ्यांचा व्यवसाय आहे. चाळीस वर्षे गादीवर बसून मी गिऱ्हाइकांचे डोळे पाहत आलो आहे. साठी ओलांडलेला मनुष्य निळे आणि काळे सुटिंग यांत गोंधळतो, ताका घेऊन दुकानाच्या पायरीवर उजेडात जातो, हाताने पोत चाचपतो आणि शेवटी बरोबरच्या नातवाला विचारतो. वयपरत्वे डोळ्यातील भिंग पिवळट होत जाते आणि त्यातून निळा रंग सर्वांत आधी मंदावतो, हे मला पुढे वाचनातून कळले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून आलेला असाच एक शेतकरी मला म्हणाला होता, "शेठजी, या वर्षी निळा रंग लईच गडद आणला जी तुम्ही!" माल तोच होता, गतवर्षीचा.

आपल्या धर्मात डोळ्यांचे स्थान काय आहे, हे या सभेस मी सांगावे असे नाही. जीव एकेंद्रियापासून चढत चढत चतुरिंद्रियापर्यंत येतो तेव्हा कुठे त्याला दृष्टी लाभते. शक्रस्तवात अरिहंत परमात्म्यास चक्षुदाता म्हटले आहे. तेथे अर्थ ज्ञानचक्षूंचा आहे, हे खरे. परंतु चर्मचक्षूंनाही आपल्या आचारात मोठे काम आहे. ईर्यासमिती पाळायची तर पुढची साडेतीन हात भूमी दिसली पाहिजे. सूर्यास्तापूर्वी भोजन का, तर ताटात काय आहे ते दिसावे म्हणून. गृहिणी धान्य निवडते, पीठ चाळते, पाणी गाळते, त्या प्रत्येक ठिकाणी अहिंसा डोळ्यांच्या आधाराने चालते. ज्या आजीबाईंना डाळीतील कीड दिसत नाही, त्यांच्या मनातील दया कमी झालेली नसते, दृष्टी कमी झालेली असते.

चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांचे उदाहरण येथे आठवल्याशिवाय राहत नाही. बेळगाव जिल्ह्यातील भोज या सीमाभागातील गावचे हे महापुरुष. उतारवयात त्यांची दृष्टी क्षीण झाली. पुढची भूमी दिसेना, तेव्हा जीवरक्षा कशी व्हावी, समितीचे पालन कसे व्हावे, हा प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहिला, आणि १९५५ साली कुंथलगिरी क्षेत्री त्यांनी सल्लेखना स्वीकारली. १८ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांचे समाधिमरण झाले. आपण दिगंबर असू वा श्वेतांबर, या प्रसंगातून एवढे तरी दिसते की मुनिजीवनात दृष्टी ही सोयीची वस्तू नसून व्रताचे साधन आहे. आपण संसारी माणसे. आपल्या हाती व्रत लहान, पण दृष्टी राखण्याचे उपाय पुष्कळ आहेत.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. शाळेतील पुस्तकापासून डॉक्टरांच्या भिंतीवरील तक्त्यापर्यंत सर्वत्र एकच सांगितलेले असते : डोळ्यांसाठी गाजर खा. आपल्या मुलांनी हे वाचावे आणि घरी येऊन विचारावे, "आई, आपण तर गाजर खात नाही, मग आपले डोळे बिघडतील का?" हा प्रश्न अनेक घरांत विचारला गेला असेल. त्याचे उत्तर "धर्मात नाही म्हणून नाही" एवढेच देऊन भागत नाही. मूल गप्प बसते, त्याचे समाधान होत नाही.

गाजराचे माहात्म्य एवढे वाढण्यामागे थोडी युद्धकथाही आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिक रात्रीच्या अंधारात जर्मन विमाने अचूक टिपू लागले. त्यामागे रडार यंत्र होते. परंतु ते गुपित राखायचे असल्यामुळे, आमचे वैमानिक गाजरे पुष्कळ खातात म्हणून त्यांना रात्री दिसते, अशी बातमी पसरवून देण्यात आली. लोकांनी ती इतकी मनावर घेतली की युद्ध संपून ऐंशी वर्षे उलटली तरी ती चालूच आहे. गाजरात गुण नाही असे मी म्हणत नाही. गुण आहे, पण तो गाजराच्या मालकीचा नाही.

तो गुण म्हणजे जीवनसत्त्व 'अ'. डोळ्याच्या आतील पडद्यावर मंद प्रकाशात पाहण्यासाठी जे द्रव्य लागते, ते या जीवनसत्त्वावाचून तयार होत नाही. ते कमी पडले की प्रथम रातांधळेपणा येतो. मूल दिवेलागणीनंतर अडखळू लागते, घराचा कोपरा धरून बसते. पुढे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखे डाग पडतात. त्याहीपुढे डोळ्याची काच कोरडी पडून विरघळते, आणि मग जगातील कोणतेही औषध ती दृष्टी परत आणू शकत नाही. हे सारे घडते ते बहुधा एक ते पाच वर्षांच्या बालकांत, आणि गोवर किंवा हगवण झाल्यानंतर फार झपाट्याने.

हे जीवनसत्त्व प्रथम सापडले ते कशात, हे ऐकून आपणांस बरे वाटेल. १९१३ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे मॅककोलम आणि मार्गरेट डेव्हिस या दोघांनी लोण्याच्या स्निग्धांशात आणि अंड्याच्या बलकात वाढीला आवश्यक असे एक द्रव्य असल्याचे दाखवून दिले. अंडे आपणांस वर्ज्य. पण लोणी-तूप तर आपल्या घरचेच!

व्यापारी माणसाने डेन्मार्कची हकीकत अवश्य ऐकावी. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास डेन्मार्क हा लोण्याचा मोठा निर्यातदार देश होता. भाव चांगला मिळे, म्हणून लोणी बाहेर जाई आणि गरिबांच्या मुलांच्या वाट्याला मलई काढलेले दूध व मार्गारिन येई. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ कार्ल ब्लॉक यांच्याकडे डोळे कोरडे पडलेली, आंधळी होऊ घातलेली बालके येऊ लागली. गाईगुरांनी भरलेल्या देशातली ही स्थिती! १९१७ मध्ये जर्मन पाणबुड्यांच्या नाकेबंदीमुळे निर्यात बंद पडली. लोणी देशातच राहिले, रेशनवर सर्वांना मिळू लागले, आणि १९१८ मध्ये हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. रेशन उठले, व्यापार पूर्ववत झाला, तसा आजारही परत आला. नफ्यातोट्याच्या कोणत्या वहीत ही नोंद करावी, ते मला वाणिज्य शाखेत कोणी शिकवले नाही. आपल्याकडेही ज्या घरी गाय असते, त्या घरचे सगळे दूध पहाटेच डेअरीच्या किंवा हॉटेलच्या कॅनमध्ये जाते आणि घरच्या मुलाला काळा चहा मिळतो. ते दूध विकणाऱ्याची मजबुरी मला समजते. तरी मुलाच्या पेल्यापुरते दूध घरी ठेवा, असे मी माझ्या दुकानात येणाऱ्यांना सांगत असतो.

आपला हा भाग धानाचा. झाडीपट्टीतील माणूस तीनही वेळा भात खातो, आणि कांडून-सडून पांढऱ्या केलेल्या तांदळात हे जीवनसत्त्व नावालाही नसते. जेथे भातच मुख्य आणि बरोबर भाजी-दूध अल्प, तेथे हा आजार घर करतो, असा आशिया खंडातील सर्वत्रचा अनुभव आहे. महाराष्ट्रासह आठ राज्यांत या शतकाच्या आरंभी झालेल्या राष्ट्रीय पोषण पाहणीत, पाच वर्षांखालील बालकांपैकी ०.८ टक्के मुलांच्या डोळ्यांत ते फेसासारखे डाग आढळले. हा आकडा लहान दिसतो. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ०.५ टक्क्यांपलीकडे गेले की तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न होतो. त्यानंतर स्थिती सुधारली आहे, डोळे विरघळलेले मूल आता क्वचित दिसते. यात मोठा वाटा आहे तो हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या प्रयोगांवर उभारलेल्या आणि १९७० मध्ये सुरू झालेल्या सरकारी योजनेचा. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर एक लाख युनिटचा पहिला डोस, आणि पुढे पाच वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख युनिटचा. असे एकूण नऊ डोस, सतरा लाख युनिट. अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात ते विनामूल्य मिळतात. ते पातळ औषध असते, मापाच्या चमच्याने पाजतात. कॅप्सूलच्या आवरणाचा प्रश्न तेथे येत नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्यातील काही सुनांनी तेवढ्या शंकेने डोस टाळल्याचे माझ्या कानांवर आले आहे. आणि हो, आपली मुले सुखवस्तू घरची म्हणून अंगणवाडीत जायचे नाही, असा संकोच करण्याचे कारण नाही.

प्रौढांचा प्रश्न वेगळा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरवून दिल्याप्रमाणे प्रौढ पुरुषास रोज १००० आणि स्त्रीस ८४० मायक्रोग्रॅम जीवनसत्त्व 'अ' मिळावे. वनस्पतींत हे तयार स्वरूपात नसते. त्यात बीटा-कॅरोटीन हे पिवळे-नारिंगी द्रव्य असते आणि आपले शरीर त्याचे रूपांतर करते. हिरव्या पानांतही ते असते, हिरव्या रंगामागे झाकलेले. आता हिशेब पाहा. गाजरापेक्षा शेवग्याच्या पानांत हे द्रव्य सुमारे तिप्पट आहे. मेथी, राजगिरा, माठ, कढीपत्ता हेही गाजराच्या मागे नाहीत. आपल्या आठवडी बाजारात पावसाच्या पहिल्या सरींनंतर तरोट्याची कोवळी भाजी येते. ती आपण 'गरिबाची भाजी' म्हणून उचलत नाही, पण हिरव्या पानांचा हा गुण तिलाही आहे. सांभाराची वडी तर विदर्भाचे वैभव. त्या वडीत सांभार चिमूटभर नसतो, जुड्याच्या जुड्या असतात. कंदमुळांना हात न लावता एवढी संपत्ती आपल्या दारात आहे.

परंतु येथे कोणी भगिनी म्हणेल, आणि तिचे म्हणणे योग्य आहे, की आपण पालेभाज्याही बाराही महिने कुठे खातो? पाच तिथी पाळणाऱ्या घरात महिन्याचे दहा दिवस हिरवे नाही. चातुर्मासात पालेभाजी नाही. काही घरांत तर फाल्गुनी चौमासीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे आठ महिने, पालेभाजी आणि सांभारही बंद. आंबा आर्द्रा नक्षत्र लागले की बंद. मग या सगळ्या नियमांत डोळ्यांची व्यवस्था कशी लावावी?

याचे उत्तर मला आपल्याच धंद्यात सापडले. कापड व्यापारी लग्नसराईचा माल लग्नाच्या दिवशी आणत नाही. तो आधी भरून ठेवतो. जीवनसत्त्व 'अ' हे असेच साठवणुकीचे आहे. ते यकृतात साठते, आणि निरोगी, नीट आहार घेणाऱ्या प्रौढाच्या यकृतात कित्येक महिने पुरेल एवढा साठा असतो. म्हणून ते रोजच्या रोज मिळालेच पाहिजे असे नाही. वर्षाच्या हिशेबात मिळाले पाहिजे. कार्तिकी पौर्णिमा झाली की फाल्गुनापर्यंतचे चार महिने हे पालेभाज्यांचे आहेत, बाजारही तेव्हाच हिरवागार असतो. त्या दिवसांत तिथी सोडून रोज एक पालेभाजी ताटात असावी. पण आमच्याकडे घडते काय? पालेभाजीची मोकळीक मिळते त्याच काळात लग्नसराई येते, आणि आम्ही चार महिने बुंदी, गट्टे आणि पापड यांतच घालवतो. त्यानंतर उन्हाळ्यात आर्द्रापर्यंत पिकलेला आंबा. गावरान आंबा पुरे, हापूसची गरज नाही. आणि पावसाळ्यात पपई व कोहळे. आपण ज्याला कोहळे म्हणतो ते, पिवळ्या-केशरी गराचे. ते न पान आहे न कंद, माळ्यावर ठेवले तर महिनोन्महिने टिकते. चातुर्मासात आठवड्यातून दोनदा कोहळ्याची भाजी आणि दोनदा पिकलेली पपई, एवढा नियम केला तरी पुष्कळ झाले. पिवळ्या मक्याचे पीठ तिथीलाही चालते. रंग पिवळा आहे तो उगाच नाही. पांढऱ्या मक्यात तो गुण नाही. दूध, दही, तूप बाराही महिने आहेतच. कोणता नियम कोणी किती पाळावा हे सांगण्याचा अधिकार माझा नाही, तो महाराजसाहेबांचा. मी फक्त नियमांच्या चौकटीत बसणारे वेळापत्रक मांडले.

त्यात एक गोष्ट फोडणीची. कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळते. भाजी नुसती उकडून, तेल-तुपाचा थेंब न घालता खाल्ली तर त्यातील फार थोडे अंगी लागते. म्हणून भाजीला माफक फोडणी हवी. आयंबिलाच्या ओळीत नऊ दिवस तूप-तेल नसते. त्याने निरोगी माणसाचे काही बिघडत नाही, साठा कामी येतो. मात्र गर्भवती, लेकुरवाळ्या भगिनी, लहान मुले आणि मधुमेही यांनी तपश्चर्येचा विचार डॉक्टर व गुरुमहाराज दोघांनाही विचारून करावा. विशेषतः मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने उपवासात औषधाची मात्रा आपल्या मनाने ठरवू नये.

शाकाहारी समाजाचा दुसरा प्रश्न जीवनसत्त्व 'बी-१२' चा. ते भाजीपाल्यात नसते. आपल्याला ते मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खेड्यातील, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गातील ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. त्यांपैकी ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी आढळले, आणि शाकाहारी मंडळींत ही शक्यता चौपटीहून अधिक होती. सर्वाधिक कमतरता शहरी मध्यमवर्गात होती, गरिबांत नव्हे. बी-१२ फार काळ कमी राहिले तर हातापायांना मुंग्या येतात, विस्मरण होते, आणि क्वचित डोळ्याची मज्जातंतू क्षीण होऊन दृष्टी अंधुक होते. ती वेळीच ओळखली तर बऱ्याच अंशी भरून निघते. रक्ताची साधी तपासणी आहे. कमी निघाले तर डॉक्टर गोळी किंवा इंजेक्शन देतात. हे जीवनसत्त्व कारखान्यात सूक्ष्मजीवांच्या आंबवणातून तयार करतात. प्राण्याच्या मांसापासून काढत नाहीत. आपल्यातील काही तरुण आता दूधही सोडू लागले आहेत. त्यांची जीवदया समजते, पण बी-१२ ची गोळी त्यांनी सोडू नये.

आता डबाबंद पूरक औषधांबद्दल. या विषयावर मला जरा सविस्तर बोलायचे आहे, कारण येथे आपल्या खिशाचा प्रश्न आहे. गेल्या वर्षी एक गृहस्थ माझ्या दुकानात आले. टाय, बॅग, रंगीत पत्रके. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. तीन महिन्यांचा कोर्स, किंमत पाच आकड्यांच्या उंबरठ्यावर. चष्मा सुटेल, मोतीबिंदू विरघळेल, मधुमेहाने डोळ्याला काही होणार नाही. वर आणखी दहा सभासद जोडले तर माझा डबा फुकट. मी भिंग घेऊन डब्यावरील बारीक अक्षरे वाचली. मापे वाचणे ही कापड व्यापाऱ्याची सवयच! ल्युटीन नावाचे द्रव्य त्यात मिलिग्रॅममध्ये होते, आणि ते इतके अल्प की शंभर ग्रॅम पालकात त्याच्या कित्येक पट असावे. पालकात शंभर ग्रॅमला सुमारे बारा मिलिग्रॅम ल्युटीन व झियाझँथीन असते. त्या गृहस्थांना चहा पाजून निरोप दिला.

तरीही सर्वच पूरक औषधे थोतांड आहेत असे नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेने यावर फार मोठे दोन प्रयोग केले आहेत. पहिल्याचा निष्कर्ष २००१ मध्ये आला. उतारवयात दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूचा ऱ्हास होण्याचा एक आजार असतो, त्यात समोरच्या माणसाचा चेहराच दिसेनासा होतो. हा आजार मध्यम अवस्थेत असलेल्यांना जीवनसत्त्व 'क', 'ई', बीटा-कॅरोटीन, जस्त आणि तांबे यांचे ठरावीक मिश्रण दिले असता, पाच वर्षांत तो शेवटच्या अवस्थेला जाण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटला. परंतु बीटा-कॅरोटीनच्या मोठ्या मात्रेमुळे धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग वाढतो, असे इतर प्रयोगांत दिसून आले होते. म्हणून २०१३ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या प्रयोगात त्याच्या जागी १० मिलिग्रॅम ल्युटीन व २ मिलिग्रॅम झियाझँथीन वापरले, आणि ते अधिक सुरक्षित ठरले. याच प्रयोगात माशाच्या तेलातील ओमेगा-३ हेही देऊन पाहिले. त्याने काही अधिक लाभ झाला नाही. माशाचे तेल घ्यावे की नाही या धर्मसंकटातून आपली अशी परस्पर सुटका झाली! आपल्या विदर्भाची जवसाची चटणी मात्र चवीसाठी आणि आरोग्यासाठी अवश्य खावी.

यातील मर्म ध्यानात घ्या. हे मिश्रण त्या एका आजाराच्या विशिष्ट अवस्थेतील रुग्णांसाठी आहे. ज्यांना तो आजार नाही त्यांना त्याने तो टळतो असे सिद्ध झालेले नाही, आणि मोतीबिंदू तर कोणत्याच गोळीने टळला वा विरघळला नाही. त्यातील जस्ताची मात्रा ८० मिलिग्रॅम म्हणजे आहारातील गरजेच्या कित्येक पट असते. ती आपल्या मनाने वर्षानुवर्षे घेण्याची वस्तू नव्हे. तयार जीवनसत्त्व 'अ' च्या मोठ्या मात्रा तर यकृताला घातक आणि गर्भाला अपायकारक. 'जीवनसत्त्व आहे, त्याने काय होणार' हा समज सोडावा.

बाजारातील ल्युटीन बहुतांश झेंडूच्या फुलांपासून काढतात, हे मला कळले तेव्हा मौज वाटली. दसऱ्याला ज्याची तोरणे आपण दुकानाला बांधतो तोच झेंडू. म्हणजे द्रव्य वनस्पतिजन्य आहे. पण ते ज्या मऊ कॅप्सूलमध्ये भरतात तिचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडां-कातड्यांपासून होते. आत झेंडू आणि बाहेर हाड, अशी ती विचित्र वस्तू. खाद्यपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर शाकाहाराचे हिरवे चिन्ह आहे की नाही ते पाहावे. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळीवर असे चिन्ह कायद्याने बंधनकारक नाही, म्हणून तेथे औषध विक्रेत्यास विचारावे. वनस्पतिजन्य आवरणाची कॅप्सूल किंवा साधी गोळी बहुतेक वेळा मिळते. मात्र डॉक्टरांनी जीवरक्षणासाठी दिलेले औषध केवळ आवरणासाठी कोणी परस्पर बंद करू नये. आधी त्यांना सांगावे, ते पर्याय देतात.

आहाराने जे होते ते सांगितले. जे होत नाही तेही सांगितले पाहिजे. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील अंधत्वाचे ६६ टक्के कारण मोतीबिंदू निघाले. ज्याला अर्ध्या तासाच्या आतला उपाय आहे त्याने आपल्या देशात सर्वाधिक माणसे आंधळी होतात. "पिकू द्या, मग काढू" हे आपल्या वडीलधाऱ्यांचे जुने वाक्य जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेच्या काळात ठीक होते. आता पिकण्याची वाट पाहण्याची गरज नाही. उलट फार पिकलेल्या मोतीबिंदूने डोळ्यातील दाब वाढण्याचा धोका असतो. हिवाळ्याची वाट पाहण्याचेही कारण उरलेले नाही. चंद्रपूरला, सेवाग्रामला सोय आहे.

आणि मधुमेह. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. गादीवर बसून दिवस काढणारा, संध्याकाळी घाईघाईने चौविहाराआधी जेवणारा आणि प्रत्येक स्वामिवात्सल्यात दोन मिठाया अधिक घेणारा व्यापारी यात मागे नाही. पन्नाशीपुढील मधुमेह्यांपैकी सुमारे १७ टक्के जणांच्या दृष्टिपटलाला इजा झालेली आढळली आहे. ही इजा दुखत नाही, डोळा लाल होत नाही, दिसणेही बराच काळ ठीक असते. म्हणून साखर असलेल्याने चष्म्याच्या नंबरावर समाधान न मानता, वर्षातून एकदा बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घ्यावा. शेवग्याच्या पानांनी ही तपासणी टळत नाही.

तरुणांना एक शब्द. या दोन जिल्ह्यांत खर्ऱ्याने जे घर केले आहे, त्यातून आपली मुलेही सुटलेली नाहीत, हे उघड बोलले पाहिजे. धूम्रपानाने मोतीबिंदू लवकर येतो आणि दृष्टिपटलाचा ऱ्हास वाढतो. चघळण्याच्या तंबाखूने तोंडाचे काय होते ते आपण पाहतोच, पण ज्याचे बी-१२ आधीच कमी आहे अशाच्या डोळ्याच्या मज्जातंतूलाही तंबाखू झेपत नाही.

बाहेर नोंदणीचे टेबल लावलेले आहे. चाळिशीपुढील प्रत्येकाने नाव लिहावे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी आपली औषधांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवावी. ज्यांचे थेंब घालून डोळे तपासले जातील त्यांना तीन-चार तास अंधुक दिसेल, त्यांनी स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नये; बरोबर कोणी नसेल तर आमच्या युवक मंडळाची मुले सोडून देतील. आपल्या दुकानांतील, घरांतील कामगारांनाही आज आणावे, शिबिर सर्वांसाठी आहे. त्यांच्या लहान मुलांचे डोस झाले आहेत की नाहीत हेही विचारावे, अंगणवाडीचे कार्ड सोबत आणायला सांगावे. दुपारच्या जेवणात आज कोहळ्याची भाजी आणि पपई ठेवली आहे. आज तिथी नाही, म्हणून मेथीही आहे. जयजिनेंद्र.